दिवा कोणत्या घरचा?

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी ओटीवर बसून गल्लीतल्या पणत्या पाहाव्यात, हा माझा फार वर्षांचा छंद आहे. आमच्या गल्लीला चढ आहे. खालच्या तोंडाशी माझे घर आणि वरच्या टोकाला देऊळ. त्यामुळे साऱ्या उंबरठ्यांवरचे दिवे एकाच नजरेत मावतात. आता घरोघर विजेच्या माळा लुकलुकतात हे खरे. पण उंबरठ्यावर एक तरी पणती असतेच. त्या पणत्याही साऱ्या एकाच हातगाडीवरच्या, डझनाच्या भावाने आणलेल्या. माती तीच, आकार तोच, वातही जवळजवळ तेवढीच. तेव्हा जवळची पणती ठळक दिसावी, लांबची मिणमिणावी आणि नुसत्या उजेडावरून कोणते घर किती लांब ते सांगता यावे, असा हा सरळ हिशेब आहे.

मी तो हिशेब दरवर्षी करतो आणि दरवर्षी चुकतो. देवळाजवळच्या एका घराची भिंत पांढरीशुभ्र आहे. तिच्या कोनाड्यात ठेवलेली पणती इतकी उजळ दिसते, की ते घर चार पावले पुढे सरकल्यासारखे वाटते. उलट अलीकडच्या एका दारासमोर मुलांनी भुईनळे लावलेले असतात. त्या धुरापलीकडची पणती बिचारी मैलभर लांब गेल्यासारखी दिसते. मग मनात येते, तो उजेड दिव्याचा की भिंतीचा? आणि हा मंदपणा दिव्याचा की मधल्या धुराचा?

प्रश्न पोरकट आहे, असे कोणी म्हणेल. पण मौज अशी, की विश्वाचे माप घेणारे शास्त्रज्ञ आज याच प्रश्नाशी झुंजत आहेत. फरक एवढाच, की त्यांच्या पणत्या म्हणजे फुटणारे तारे आहेत आणि त्यांची घरे म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची कुटुंबे, ज्यांना आपण दीर्घिका म्हणतो.

या पणत्यांची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले, की मागे एक लहानसा, अतिशय घट्ट निखारा उरतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. १९३० साली बोटीने इंग्लंडला शिकायला निघालेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्या प्रवासात आकडेमोड करून दाखवले, की अशा निखाऱ्याच्या वजनाला मर्यादा आहे. ती मर्यादा म्हणजे सुमारे १.४ सूर्य. अशा श्वेतबटूला शेजारच्या ताऱ्याकडून भर मिळत गेली, की एक वेळ अशी येते की तो सबंध पेटतो आणि फुटतो. हा एका विशिष्ट जातीचा अतिनवतारा. ऐन भरात तो एकटा चार-पाचशे कोटी सूर्यांइतका प्रकाशतो, आणि ज्या दीर्घिकेत एरवी वेगळा तारा ओळखूही येत नाही, तिथून त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचतो. फुटण्याची रीत एक, म्हणून उजेडही सारखा. म्हणजे विश्वाच्या गल्लीत लांबवर मांडलेल्या या जणू एकाच कुंभाराच्या पणत्या. मंद दिसली तर लांब, ठळक दिसली तर जवळ.

अर्थात सारेच तारे तंतोतंत सारखे नसतात. १९९३ साली मार्क फिलिप्स यांनी दाखवले, की जो तारा भरात आल्यावर सावकाश विझतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो आणि जो झरझर विझतो तो मंद असतो. तेव्हा ताऱ्याची विझण्याची चाल पाहायची, त्याचा रंग पाहायचा आणि तेवढी दुरुस्ती करून मग अंतर काढायचे, असे ठरले. ही दुरुस्ती मला आवडते. ती ताऱ्याच्या स्वतःच्या वागण्यावरून केलेली आहे. त्यात त्याच्या घरादाराचा संबंध नाही.

या मापाच्या जोरावर १९९८ साली शास्त्रज्ञांचे दोन गट एकाच चकित करणाऱ्या निष्कर्षाला आले. दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी मंद दिसत होते. म्हणजे ते अधिक दूर गेले होते. म्हणजे विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वाढत्या वेगाने चालले होते. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वाला आतून ढकलणारी काही अदृश्य शक्ती आहे हा सारा विचार त्या वीस टक्क्यांच्या मंदपणावर उभा राहिला. आज त्याला इतर बाजूंनीही आधार मिळाला आहे. पण पहिला टेकू या पणत्यांचाच.

आणि इथे घराचा प्रश्न आला. नव्वदीच्या दशकातच मारियो हामुय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले होते, की जिथे अजून नवे तारे जन्मत आहेत अशा सर्पिल दीर्घिकांतले स्फोट अधिक तेजस्वी आणि सावकाश विझणारे असतात, तर जुन्या, लंबगोल, पोक्त दीर्घिकांतले मंद आणि झटपट विझणारे. पुढे २०१० साली तीन वेगवेगळ्या गटांनी आणखी बारकाईने पाहिले. ताऱ्याची चाल आणि रंग यांची दुरुस्ती करून झाल्यावरही घराचा ठसा थोडा उरतोच, असे त्यांना आढळले. ज्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वजन सुमारे एक हजार कोटी सूर्यांहून अधिक, तिथले अतिनवतारे दुरुस्तीनंतर सरासरीने सहा ते दहा टक्के अधिक तेजस्वी ठरतात. म्हणजे भारदस्त घरातला जो दिवा डोळ्यांना मंद दिसत होता, त्याला आपण चालीच्या हिशेबाने जी सूट दिली, ती जरा जास्तच झाली होती. आता जगभर अंतराच्या गणितात ताऱ्याबरोबर त्याच्या घराचे वजनही मांडतात. कोणी विचारील, एवढ्याशा सहा-दहा टक्क्यांचे काय? पण सारा शोधच वीस टक्क्यांचा. शिवाय लांबचा दिवा म्हणजे फार पूर्वीचा दिवा. तेव्हाची घरेही आजच्यासारखी नव्हती, कोवळी होती. घरागणिक उजेड बदलत असेल, तर लांबच्या सगळ्या अंतरांत एकाच बाजूला चूक होणार.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, असे ऐकत मी वाढलो. आणि आपल्याकडे घर विचारण्याला जो इतिहास आहे तो काही उजळ नाही. ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नाच्या उत्तरावर शतकानुशतके माणसाने कुठे बसावे, कुठले पाणी प्यावे, हे ठरत आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे न बसता कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे, हे आपल्याला ठाऊक होते, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यातला ‘क्रमांक’ हा शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. मुलाचा क्रमांक मुलाचा. बसायची जागा मात्र घराची. अशा समाजातल्या माणसाला ‘आधी घर पाहा, मग तेज मोजा’ हे वाक्य रुचावे तरी कसे?

आणि तरीही त्या शास्त्रज्ञांना चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. कारण मी स्वतः आयुष्यभर मोजण्याचाच धंदा केला. मी गणिताचा शिक्षक होतो, आणि माझ्या हातून दोन मापे चुकली आहेत. ती चुकली ती एकमेकांच्या नेमकी उलट बाजूंना.

पहिली गोष्ट चाळीसएक वर्षांपूर्वीची. आमच्या गावातल्या एका धर्मादाय निधीतून दरवर्षी एका मुलाला पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळत असे, आणि निवड करणाऱ्यांत मी होतो. त्या वर्षी दोन मुले राहिली. एकाला ७४ गुण, दुसऱ्याला ७१. कोणीतरी म्हणाले, दुसऱ्याच्या घरची जरा चौकशी करावी. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, “घरची चौकशी लग्न जमवताना करतात, परीक्षेत नव्हे. गुण म्हणजे गुण.” साऱ्यांनी माना डोलावल्या. मला आपल्या निःपक्षपातीपणाचा अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी काही कामानिमित्त त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली. मी बोलू लागलो तर माझे शब्द मलाच ऐकू येईनात. पायाखालची फळी थरथरत होती, आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेवर, पुस्तकांवरसुद्धा, पिठाचा पातळ थर होता. मुलाची आई हातानेच खूण करून थोड्या वेळाने ओरडून म्हणाली, “बसा गुरुजी! दहाला गिरणी बंद झाली की मग बोलू.” त्या घरात बोलणेच दहानंतर सुरू होत असे, अभ्यासही. परत येताना मी मनाशी म्हणत होतो, की ते तीन गुण मी मोजले, पण ती गिरणी मोजली नाही. मी निःपक्षपाती नव्हतो. मी आळशी होतो.

त्या दिवसापासून मी घर पाहू लागलो. आणि मग दुसरी चूक झाली. दहा-बारा वर्षांनंतर आमच्या शाळेतली एक मुलगी गणितात जिल्ह्यात पहिली आली. तिचे वडील गणिताचेच शिक्षक, घरात पुस्तकांची कपाटे. सत्काराच्या सभेत मला बोलायला सांगितले, आणि गिरणीचा धडा डोक्यात पक्का बसलेला मी म्हणालो, “या घरात गणित पाण्यासारखे वाहते. तिथल्या मुलीने पहिले यावे यात नवल ते काय?” सभा हसली; वडील संकोचून, पण सुखावून हसले. पेढा द्यायला ती मुलगी जवळ आली आणि इतक्या हळू आवाजात बोलली, की दुसऱ्या कोणाला ऐकू गेले नसावे. “सर, मग त्यात माझं काय?”

मला उत्तर सुचले नाही. आणि लाज अधिकच वाटली, कारण तिचे काय ते मला पुरते ठाऊक होते. त्याच वर्षी वर्तुळाचा एक अवघड प्रश्न तिने अशा रीतीने सोडवला होता, की ती रीत मला ठाऊक नव्हती आणि तिच्या वडिलांनाही नव्हती. त्यांनीच मला ती वही कौतुकाने आणून दाखवली होती. ती रीत कुठल्या कपाटातून आली नव्हती. पण मी तिच्या दिव्याचा सारा उजेड पांढऱ्या भिंतीच्या नावावर लिहून मोकळा झालो.

एका वेळी मी घर पाहिले नाही म्हणून अन्याय झाला. दुसऱ्या वेळी घरच पाहिले म्हणून. मग न्यायाची रीत कोणती? या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. उत्तर मिळाले ते नीतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर या ताऱ्यांच्या हिशेबात. ते जसे समजले तसे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे शास्त्रज्ञ घराच्या वजनापाशी थांबले नाहीत. दीर्घिका जड आहे म्हणून तारा तेजस्वी, हे काही कारण झाले नाही. हजारो प्रकाशवर्षांवर पसरलेल्या घराचे वजन त्या चिमुकल्या निखाऱ्याला काय ठाऊक? म्हणून २०१३ साली मिकाएल रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध घर सोडून ताऱ्याची आळी पाहिली. सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांच्या परिसरात नवे तारे जन्मत आहेत की नाहीत, याची त्यांनी चौकशी केली, आणि तिथेही तसाच फरक आढळला. कोणी म्हणाले, प्रश्न वयाचा आहे. जुन्या वस्तीतले तारे वेगळे. सोलच्या योन्से विद्यापीठातल्या यंग-वूक ली यांच्या गटाने तर २०२० साली असे मांडले, की वयाची दुरुस्ती केली तर त्या अदृश्य शक्तीचा पुरावाच डळमळीत होतो. इतरांनी त्याच वर्षी त्याला हरकत घेतली. २०२१ मध्ये डिलन ब्राउट आणि डॅन स्कोल्निक यांनी वेगळेच सुचवले. त्यांच्या मते फरक ताऱ्यात नसेलही. तो त्याच्या घरातल्या धुळीत असेल. घराघरातली धूळ निराळी, आणि आपण सगळीकडे एकाच जातीची धूळ धरून चाललो म्हणून ही पायरी दिसते. हा वाद अजून मिटलेला नाही.

धूळ काय करते, याचे एक उदाहरण तर फार बोलके आहे. २१ जानेवारी २०१४ च्या संध्याकाळी लंडनच्या विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी हे शिक्षक चार विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी चालवायची ते दाखवत होते. ढग येत होते, म्हणून घाईघाईने त्यांनी एक ओळखीची, ठळक दीर्घिका निवडली. तिचे नाव एम ८२. आणि तिथे एक नवा तारा तेवत होता! सव्वा कोट प्रकाशवर्षांच्याही आत, म्हणजे अगदी शेजारी. त्याआधी सुमारे अडीचच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०११ मध्ये, याच जातीचा एक अतिनवतारा सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरच्या एम १०१ या दीर्घिकेत दिसला होता. जवळचा तारा लांबच्याहून तिपटीने तरी ठळक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याहून मंद दिसला. तारा काही दुबळा नव्हता. पण एम ८२ हे धुळीने भरलेले घर. दिवा तोच, मध्ये गिरणीचे पीठ!

आणि घर न पाहिल्याने माप चुकते, हा धडा आकाशाने याआधीही एकदा शिकवला आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालवले गेले, आणि त्या काळोखात वॉल्टर बाडे यांना माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेच्या अंतर्भागातले तारे सुटे दिसले. त्यांना कळले, की ताऱ्यांच्या दोन वस्त्या आहेत, एक तरुण आणि एक जुनी. १९५२ साली त्यांनी जाहीर केले, की अंतर मोजायला वापरतात त्या स्पंदणाऱ्या ताऱ्यांचीही तशीच दोन कुळे आहेत, आणि ती एकच समजल्याने सारे हिशेब चुकले आहेत. एका झटक्यात देवयानीचे अंतर दुप्पट झाले. देवयानी काही हलली नव्हती. आपली फूटपट्टी सुधारली होती.

इथेच मला माझे उत्तर मिळाले. या साऱ्या खटाटोपात ताऱ्याला कोणी कमी किंवा अधिक म्हणत नाही. सहा टक्के वजा केले म्हणून तो सहा टक्क्यांनी विझत नाही. वजा होते ते आपल्या मापातले अज्ञान. आणि ती दुरुस्तीही सरासरीची; ताऱ्याताऱ्यांतला आपापसांतला फरक बहुधा त्या पायरीहून मोठाच असतो. म्हणून निव्वळ घरावरून कोणत्याही एका ताऱ्याचे तेज कोणी सांगू धजत नाही. आधी त्याची स्वतःची चाल पाहतात, मग घर, मग आळी, मग धूळ. आणि इतके करून कारण पुरते उमगले नाही, अशी कबुलीही देतात. आपले पूर्वज नेमके याच्या उलट करत आले. त्यांनी घर आधी विचारले आणि मग चाल पाहिलीच नाही.

माझ्या दोन्ही चुका मला आता निराळ्या दिसतात. शिष्यवृत्तीच्या वेळी मला ७१ या आकड्याचे पूजन करायचे नव्हते. त्या आकड्यावरून हा मुलगा मदत मिळाल्यास किती लांब जाईल, याचा अंदाज करायचा होता. तिथे गुण हे साधन होते, जसा तारा हे अंतराचे साधन. साधन वापरायचे तर त्याच्या आड काय येते ते तपासणे हे मोजणाराचे कर्तव्यच. सत्काराच्या वेळी मात्र मला काहीच मोजायचे नव्हते. समोर एक दिवा लागला होता आणि तो नुसता डोळे भरून पाहायचा होता. तिथे भिंतीची चौकशी हा शुद्ध अडाणीपणा होता. घर विचारावे ते आपल्या नजरेतली चूक काढण्यासाठी. समोरच्याचा उजेड काढून घेण्यासाठी नव्हे.

गिरणीवरचा तो मुलगा पुढे शिष्यवृत्तीवाचूनच शिकला, नोकरी करत, चार वर्षे उशिराने. लोक सांगतात, “बघा, अडले का काही?” मी काही बोलत नाही. त्या चार वर्षांचा हिशेब मला ठाऊक आहे. मुलगी आता परगावी असते. तिला मी दोनदा पत्र लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा ते अर्धवट राहिले. वर्तुळाच्या त्या रीतीबद्दलच लिहायचे होते, की ती तुझी होती. या वर्षी ते पुरे करून टाकावे म्हणतो.

खाली गल्लीत आता भुईनळ्यांचा धूर विरला आहे. धुरापलीकडची ती पणती पुन्हा जागच्या जागी आली आहे. मघाशी मी तिला मैलभर लांब ढकलले होते, याचा तिला पत्ताही नाही. ती आपली तेवढीच तेवते आहे.